जागेश्वरची स्वतःची चाल

जागेश्वर टेलर पुन्हा चालणार की नाही, यावर २०१३च्या दिवाळीआधी आमच्या गावात जो उठेल तो मत देत होता. कामठ्यापासून दोन कोसांवरचं गाव आमचं. धान कापणीला आलं की बोलायला दुसरे विषय फारसे नसतात. जुलैत, रोवण्याच्या म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत, त्याची सायकल शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली आणि डाव्या पायाचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर झालं. गोंदियाच्या डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून सांगितलं, "हड्डी जुड़ गई है, अब चलना शुरू करो." जागेश्वरनं मान डोलावली, घरी आला आणि खाटेवर बसला तो बसलाच. भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायचा, परत यायचा आणि पांघरूण ओढून घ्यायचा. पडवीतली त्याची पायमशीन तेव्हापासून कापडाखाली झाकलेली होती.

दुसरा कोणी असता तर गाव एवढं हळहळलं नसतं. पण या माणसाचं नावच चालण्यावर झालेलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जिलेबीची दुकानं लागतात, लेकी-जावई येतात आणि दुपारी उघड्यावर दंडार होते; दंडार म्हणजे गावातल्याच माणसांनी नाचून-गाऊन केलेलं नाटक. आमच्या दंडारीत दोन प्रवेशांच्या मध्ये जागेश्वर एकटा रिंगणात यायचा आणि गावातल्या कोणाची तरी चाल चालून दाखवायचा. तोंडानं शब्द नाही, अंगावर कपडे रोजचेच. वीस पावलं जायचा, वीस पावलं यायचा, आणि लोकांनी ओळखायचं. जो पहिल्यांदा बरोबर नाव घेईल त्याला जागेश्वर स्वतःच्या हातानं विडा द्यायचा. दर मंडईला पाच जणांच्या चाली निघत. आपली चाल निघाली म्हणजे मान झाला की अपमान, हे गावाला तीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

तर त्याची बायको सुमित्राबाई एका सकाळी माझ्याकडे आली. मी श्यामलाल राहांगडाले, जवळच्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं पी.टी. शिकवली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी अख्ख्या शाळेले चालवता. या एकट्या मानसाले चालवा ना."

मी शिट्टी घेऊन गेलो. होय, शिट्टी, लपवायचं कशाला? त्याला उभं केलं, "एक-दो, एक-दो" केलं, "हिंमत ठेव, नजर समोर" वगैरे जे काही आयुष्यभर पोरांना सांगत आलो ते सगळं सांगितलं. दोन पावलं झाली. दोन्ही पावलांना डावा खांदा कानापर्यंत चढला आणि तो खाटेवर परत बसला.

"मास्तर, एक सांगू? हसू नोका," जागेश्वर म्हणाला. "दंडारीत लंगड्याचं सोंग मी किती वर्षं केलं?"

"बारा-पंधरा वर्षं तरी."

"आता उभा राहिलो का तोच लंगडा येते. पाय टेकायच्या आधीच येते. मले समजतच नाही, हे पायाचं लंगडनं होय का सोंगातलं. असा दारात गेलो तं लोक म्हनतीन, पा, टेलर आता घरी बी सोंगच करून राहिला."

"मग सोंग कशाला? आपल्या स्वतःच्या चालीनं चाल ना."

त्याचे डोळे भरून आले होते.

"मायी चाल कोनती गा, मास्तर?"

गावातल्या दोनशे माणसांच्या चाली या माणसाच्या अंगात होत्या, आणि त्याची स्वतःची कशी होती हे मलाही आठवेना. तो रस्त्यानं जाताना सुद्धा पुढच्या माणसाची चाल उचलत जायचा. त्याला आम्ही तसं कधी पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी हे रुक्मावहिनीला सांगितलं. माझा मोठा भाऊ रूपलाल, त्याची ही बायको. ती लाखोळीची डाळ पाखडत होती. सूप थांबवून तिनं विचारलं, "तसंच म्हनला तो? मायी चाल कोनती?"

"तसंच."

"मी जाऊन पाह्यतो उद्या. तुमी या, पन ते शिट्टी घरी ठेवा."

आता वहिनी जाणार म्हटल्यावर मला जरा धीर आला. का, ते सांगायचं तर दहा वर्षं मागं गेलं पाहिजे.

रुक्मावहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली ती अठराव्या वर्षी, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिनं रोवण्यात घरच्या सगळ्या बायांना मागं टाकलं. म्हणजे खरं तर पुढं टाकलं, कारण रोवणा उलट्या पावली करतात. डाव्या हातात परह्याची पेंडी, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी. डावं कोपर डाव्या गुडघ्यावर टेकलेलं. उजव्या हातानं एकेक रोप चिखलात खोचत मागं मागं सरकायचं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओळीच्या मधोमध वहिनी आणि दोन्ही बाजूंना बाकीच्या, असं पंचवीस-तीस वर्षं चाललं. आमची जमीन घरची, पण पोवाराच्या, इकडच्या मोठ्या शेतकरी जातीच्या, घरची सून म्हणून ती कधी धुऱ्यावर छत्री घेऊन उभी राहिली नाही.

२००२च्या पावसाळ्यात बांधीतच तिची कंबर धरली. चौघींनी उचलून काठावर आणलं. डॉक्टरनं कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं, "बाई, अब बिलकुल झुकना नहीं." धानाच्या मुलखात बाईला वाकू नको म्हणणाऱ्या डॉक्टरला नमस्कारच करावा! रूपलालदादा मनानं मऊ. त्यानं ठरवून टाकलं की ही आता चिखलात उतरणार नाही. पुढच्या वर्षी रोवण्याला वहिनी धुऱ्यावर चहाची केटली घेऊन बसली होती. ओळीच्या मधोमध दुसरीच बाई होती आणि ओळ वाकडी जात होती. त्या दिवशी ती घरी येऊन माझ्या बायकोजवळ रडली. दुखण्यासाठी ती कधी रडली नव्हती.

मग मी, घरातला तज्ज्ञ, पुढं सरसावलो. "वहिनी, तुझं पोश्चर बिघडलंय. खांदे मागं, छाती पुढं, हनुवटी वर. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास भिंतीला पाठ लावून सावधान." बिचारीनं तीन महिने केलं. कंबर होती तशीच राहिली आणि वर मानही धरली. माझी स्वतःची मान दहा वर्षांपासून बामाशिवाय झोपू देत नव्हती, ही गोष्ट मला या संदर्भात एकदाही आठवली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

२००३ची मंडई आली. जागेश्वरनं दोन चाली केल्या, त्या लोकांनी ओळखल्या. तिसऱ्यांदा तो रिंगणात आला तो डावा खांदा चार बोटं खाली टाकून, मान कासवागत खांद्यात ओढून. कमरेला जणू लाकडाची फळी बांधलेली. डावी मूठ घट्ट मिटलेली आणि गुडघ्याजवळ धरलेली. तिसऱ्या पावलालाच बायांच्या बाजूनं आरोळी उठली, "रुक्माबाई!" सगळं गाव हसलं. वहिनी बायांमध्येच बसली होती. मी तिच्याकडे बघून रागानं उभा राहतोय, तोच जागेश्वरनं चौथी चाल सुरू केली. छाती पुढं, ढुंगण मागं, हनुवटी आभाळात, गुडघे ताठ. शाळेची पोरं एका सुरात ओरडली, "मास्तर!" विडा कोणाला मिळाला ते मी पाहिलं नाही. मी घरी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याशी भांडायला निघालो, तर वहिनी माझ्या आधीच त्याच्या पडवीत उभी. हातात मापाचं जुनं ब्लाऊज. ते निमित्त होतं.

"जागेश्वरभाऊ," ती म्हणाली, "कालचं ते मायं अजून एक खेप करून दाखव. गर्दीत नीट दिसलं नाही."

जागेश्वर जरा भ्याला. मग उठून अंगणात चालून दाखवलं. वहिनीनं पापणी न हलवता पाहिलं.

"मी अशी चालून राहिली व्हय?"

"अशीच."

"खोटं. मी तं सरळ चालतो."

"बाई, तुमच्या डाव्या हातात काय होय ते?"

वहिनीनं खाली पाहिलं. डावी मूठ मिटलेली होती. तिनं उघडली, तळव्यावर नखांचे चार वळ.

"काईच नाही," ती म्हणाली.

"काईच नाही कसं? परह्याची पेंडी होय ते. रोवना सुटून वर्ष उलटलं, तुमी ते अजून धरूनच हाव." त्यानं मापाचं ब्लाऊज हातात घेतलं आणि डाव्या खांद्याची शिवण दाखवली, ती बारीक बारीक ताणून विरली होती. "सात वर्षांपासून पाहून राहिलो मी. दर खेपी हाच खांदा जाते."

वहिनी पायरीवर बसली आणि तळवा बघत राहिली. तीस वर्षं कामाला जे लागलं ते अंगानं काम संपल्यावरही सोडलं नव्हतं. बाजारात जाताना, भाकरी थापताना, लग्नाच्या पंगतीत बसताना ती पेंडी तिच्या हातात होतीच. मी भांडण विसरलो. खरं सांगतो, मला तेव्हा तिची फार कणव आली.

धान कापून, मळून घरात आलं आणि मग पौषापासून दुपारच्या वेळी वहिनीचं शिकणं सुरू झालं. सुमित्राबाई तांदूळ निवडत जवळ बसायची, मी सुट्टीच्या दिवशी जायचो. जागेश्वर म्हणायचा, "मी डाक्टर नाही. मले फक्त दाखवता येते." पण तो जे दाखवायचा ते डॉक्टरच्या फोटोत येत नव्हतं. तो वहिनीच्या समोर उभा राहून वहिनी व्हायचा. तिनं मूठ मिटली की त्याची मिटायची, तिनं मान ओढली की त्याची ओढली जायची. तिनं स्वतःला सोडलं तरच समोरची रुक्मा सुटायची. पहिले आठ दिवस ती त्याच्यावर चिडली, मग हसायला लागली, आणि हसता हसता एक दिवस तिचा हात आपोआप उघडा पडला.

सगळ्यात गंमत झाली ती सरळ उभं राहण्याची. जागेश्वरच्या सांगण्यावरून सुमित्राबाईनं तिचे खांदे हलकेच सारखे केले, तर वहिनी ओरडली, "अवो, पडून राहिली मी! उजवीकडे पडून राहिली!" मला वाटलं, हिचा वाकडेपणा आता तिलाच सरळ वाटतोय हे पटवायला पुरावा पाहिजे. गवंड्याकडून ओळंबा आणला, दोरी धरली. वहिनी रेषेत होती. मग सुमित्राबाईला काय लहर आली कोण जाणे, म्हणाली, "आता मास्तरले लावा." दोरीनं सांगितलं की माझी छाती चार बोटं पुढं आणि डोकं तीन बोटं मागं आहे. सव्वीस जानेवारीला मी इतकी वर्षं ज्या ऐटीत उभा राहत होतो, ती ही!

दुसरी गोष्ट वाकण्याची. बाया परकराची नाडी बांधतात तिथून वाकतात, असं जागेश्वरचं म्हणणं. "कंबर म्हनलं का नाडी आठवते, आन नाडीपासून मोडते बाई. देवानं बिजागरी तेथे देल्लीच नाही. मास्तर, खाली बसा. प्यांटीले चुनी कोठं पडली?" चुणी पट्ट्यापाशी नव्हती, खाली, मांडी जिथं धडाला लागते तिथं होती. "तेथून वाका. तीस वर्षं प्यांटी शिवून राहिलो, चुनी कधी खोटं बोलत नाही." वहिनीनं तिथून वाकून बघितलं. पाठ लांबच्या लांब राहिली, वाकली फक्त बिजागरी. तिनं तसंच वाकलेलं राहून विचारलं, "एवढंच व्हय?"

एवढंच नव्हतं. खरी अवघड होती ती तिसरी गोष्ट. जागेश्वर म्हणायचा, "ऊठ," आणि वहिनी उठायच्या आधीच तिची मान आखडायची. तो लगेच तीच मान करून दाखवायचा. "पाहा. तुमी अजून उठल्या नाही, पन मनात उठल्या. कंबर तेथंच धरते." मग नियम ठरला: ऊठ म्हटलं की उठायचं नाही. थांबायचं, मान मोकळी होऊ द्यायची, श्वास जाऊ द्यायचा, मग वाटलं तर उठायचं. किती दिवस हाच खेळ! "ऊठ." ती बसून. "ऊठ." ती बसून. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, टेलर पाटलीणबाईला उठवतोय आणि ती ऐकत नाही. नुसतं "परहे" म्हटलं तरी तिचा डावा हात मिटायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ जायला आषाढ उजाडला.

"शिवन चुकली तं वरून दुसरी शिवन मारत नाही," जागेश्वर मला एकदा म्हणाला. "आधी उसवा लागते. तुमी मास्तर लोक वरून मारता."

हे मला लागलं. त्या वर्षीपासून मी शाळेत "सावधान" म्हणण्याआधी पोरांना गुडघे सैल करायला लावू लागलो. पूर्वी दर पंधरा ऑगस्टला उन्हात उभी राहून दोन-तीन पोरं चक्कर येऊन पडायची. पुढं माझ्या मैदानावर कोणी पडलं नाही. बामाची डबीही हळूहळू घरातून गेली.

२००४च्या जुलैत वहिनीनं पट्टा सोडला, धुऱ्यावरच्या बाभळीला लटकवला आणि बांधीत उतरली. रूपलालदादा म्हणाला, "काऊन हट्ट करते वो?" ती ओळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, क्षणभर थांबली, मग बिजागरीतून वाकली. त्या दिवशी तिनं अर्धाच दिवस काम केलं. प्रत्येक ओळ संपली की पेंडी संपायची, आणि ती डावा हात उघडून बोटं हलवायची. दुखणं पार गेलं असं मी म्हणणार नाही. थंडीत अजून डोकावतं. पण पुढच्या वर्षी ती पूर्ण दिवस ओळीत होती, त्याच्या पुढच्या वर्षी होती, आणि जागेश्वर सायकलवरून पडला त्या वर्षीही ती बांधीतच होती. पडलेल्या माणसाकडे पहिल्यांदा धावली तीच.

तर २०१३च्या त्या सकाळी मी आणि वहिनी जागेश्वरच्या घरी गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली. वहिनीनं काय गा, कसा गा, काही विचारलं नाही. पडवीत गेली, मशीनवरचं कापड बाजूला केलं, तिथला टेप उचलून गळ्यात घातला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

मग ती चालली. पहिलं पाऊल टाकण्याआधी उजवी टाच जागच्या जागी वर-खाली झाली, पायमशीन मारल्यासारखी. डोकं जरासं उजवीकडे कललेलं, समोरच्याच्या खांद्याचं माप घेत असल्यासारखं. डाव्या हाताची दोन बोटं टेपच्या टोकाशी खेळत होती. चौकटीपाशी आल्यावर उगीचच एक क्षण थांबली आणि मग वळली.

सुमित्राबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. "अगा बापा, हे तं तुमीच होय!"

आणि मलाही एकदम दिसलं. होय, असाच. तीस वर्षं समोरून गेलेला माणूस मला त्या दिवशी वहिनीच्या अंगावर पहिल्यांदा दिसला.

"मी असा चालतो?" जागेश्वर म्हणाला.

"असाच."

"खोटं."

वहिनी पुन्हा चालली. या वेळी टाच एकदाच उचलली, डोकं भलतीकडेच कललं.

"टाच तशी नाही उचलत मी," जागेश्वर म्हणाला.

"मंग कशी?"

"दोनदा. आन ढोपर ढिलं पाहिजे."

वहिनीनं टाच तीनदा उचलली, तीही खाडकन आपटत. जागेश्वरचं तोंड कडू झालं. कच्ची नक्कल त्याला आयुष्यात सहन झालेली नव्हती.

"अवो बाई, नास करून राहिल्या तुमी! सरका तिकडं. हे असं, पा..."

आणि तो उठला. टाच दोनदा उचलली, ढोपर सैल, डोकं उजवीकडे, आणि चालायला लागला. वहिनीच्या बाजूनं, माझ्या समोरून, विहिरीपर्यंत. मी मोजत होतो, जन्माची सवय. अकरा पावलं. माझ्या तोंडात "शाब्बास" आला होता, पण वहिनीनं असा डोळा केला की तो मी गिळला.

विहिरीपाशी जागेश्वरला कळलं की आपण कुठं आहोत. त्यानं पायाकडे पाहिलं, आणि डावा खांदा कानाकडे चढायला लागला.

"थांब," वहिनी शांतपणे म्हणाली. "येऊ नोको अजून. ये म्हनलं तरी येऊ नोको. मान सोड आधी."

तो विहिरीच्या काठाला हात न लावता उभा राहिला. सुमित्राबाई पदर तोंडाशी धरून उभी. मग खांदा हळूहळू उतरला, त्यानं श्वास सोडला आणि परत आला. थोडं लंगडत आला. पण ते पायाचं होतं तेवढंच होतं. खाटेवर बसल्यावर तो हसला आणि मग ढसाढसा रडला.

वाटेत मी वहिनीला विचारलं, "दुसऱ्या खेपेला मुद्दाम चुकलीस ना?"

"मुद्दाम कायले चुकीन?" ती म्हणाली. "मले तेवढंच येते." दोन घरं पुढं गेल्यावर मग म्हणाली, "मले दुरुस्त कराले म्हनून उठला तो. मनात आधी उठलाच नाही. म्हनून उठला."

तीन आठवड्यांनी मंडई भरली. दंडार सुरू झाली, पहिला प्रवेश संपला आणि जागेश्वर काठी न घेता रिंगणात आला. गावानं टाळ्या वाजवल्या. त्यानं हात वर करून सांगितलं की या वर्षी पाच नाहीत, एकच चाल आहे.

तो चालला. टाच दोनदा वर-खाली, डोकं जरा उजवीकडे, दोन बोटं गळ्यातल्या नसलेल्या टेपशी खेळत. वीस पावलं गेला, वळला. लोक ओळखायला लागले. कोणी म्हणालं, "मनिराम!" कोणी म्हणालं, "छोटेलाल!" कोणी चक्क "मास्तर!" म्हणालं. प्रत्येक नावाला जागेश्वर नाही म्हणून मान हलवायचा. हळूहळू नावं संपली. एवढ्या मोठ्या मंडईत त्या चालीचा मालक कोणाला सापडेना. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते माझं नव्हतं. तो परतीची वीस पावलं संपवत आला होता.

तेव्हा बायांच्या बाजूनं आवाज आला, "अगा, तो जागेश्वर होय!"

सगळं गाव एकदम ओरडलं. जागेश्वर थांबला, मग बायांच्या बाजूला गेला आणि खिशातून विडा काढला. रुक्मावहिनीनं डावा हात पुढं केला. तो उघडा होता.